मिक्सरचं मेन, मॉनिटर आणि इको: साउंड लावणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

चोपडा, यावल, रावेर आणि कधी तापी ओलांडून अमळनेर, या पट्ट्यात सप्ताह, लग्नं, यात्रा आणि निवडणुकीच्या सभांना साउंड लावण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. आता गावोगावच्या भजनी मंडळांनी स्वतःचे आठ-बारा चॅनलचे मिक्सर घेतलेत, चांगली गोष्ट आहे. चॅनलची पट्टी, म्हणजे एका माईकचे सगळे नॉब, पोरं पटकन शिकतात: माईक खोचला, गेन (आवाज आत किती घ्यायचा तो नॉब) दिला, फेडर (वर-खाली सरकणारी दांडी) वर. गोची होते ती मिक्सरच्या उजव्या हाताला. तिथे मेन, ऑक्स, एफएक्स (इको वगैरे इफेक्ट), फोन्स, कंट्रोल रूम अशी नावं दाटीवाटीनं बसलेली असतात. मला फोन येतात ते याच बाजूचे, आणि नेमके कीर्तन उभं राहिल्यावर येतात. त्या फोनांवरचे प्रश्न आणि शांतपणे दिलेली उत्तरं खाली आहेत. फोनवर इतकं शांत राहणं जमत नाही.

मला दोनच बॉक्स लावायचेत. मग मिक्सरला एवढी आउटपुटची भोकं कशाला?

कारण ऐकणारे दोनच नाहीत. प्रत्येक भोकापुढे एक माणूस कान लावून बसलाय असं समजा. मेन आउटपुटपुढे मंडपातली माणसं आहेत. ऑक्स किंवा मॉनिटर आउटपुटपुढे बुवा, मृदंगाचार्य, गायक. फोन्सपुढे तुम्ही. रेक आउट (रेकॉर्डिंगचं भोक) किंवा यूएसबीपुढे तो माणूस, जो हेच कीर्तन उद्या पुण्यात नाहीतर सुरतेत मोबाईलवर ऐकणार आहे. या चौघांना एकच आवाज चालत नाही. मंडपाला शब्द हवेत, बुवांना स्वतःचा सूर आणि पेटी हवी, तुम्हाला कुठला माईक खरखरतोय ते हवं.

मिक्सरवरच्या कुठल्याही नॉबला हात लावताना मी मनात एकच विचारतो, हा कोणाच्या कानाचा? उत्तर येत नसेल तर हात मागे घेतो. नवीन पोरांना पहिल्या दिवशी मी दुसरं काही शिकवत नाही.

कंट्रोल रूमचा नॉब पूर्ण फिरवला, तरी मंडपात आवाज वाढेना. मिक्सर खराब आहे का?

मिक्सर ठणठणीत आहे. तो नॉब तुमच्या कानाचा. स्टुडिओत काचेच्या आड बसलेल्या माणसाच्या स्पीकरसाठी तो दिलेला असतो, म्हणून नाव कंट्रोल रूम. काही मिक्सरवर फोन्स आणि कंट्रोल रूमला एकच नॉब असतो. मंडपाचा आवाज फक्त मेन फेडरनं हलतो.

याची उलटी गंमतही होते. मंडपाचे ॲम्प (आवाज वाढवून बॉक्सला देणारी यंत्रं) चुकून कंट्रोल रूम आउटला लावले, की ऑपरेटरनं कुठल्याही चॅनलचं पीएफएल (तो एकच चॅनल ऐकवणारं बटण) दाबलं रे दाबलं की सगळ्या गावाला तो एकच माईक ऐकू येतो आणि बाकीचं कीर्तन गायब. हे मी एकदा एका लग्नात स्वतः केलंय. नवरीच्या मामांचं मंगलाष्टक अर्धं गेलं आणि ढोलकीवाला एकटाच गावभर वाजत राहिला.

मेन फेडर कुठे ठेवायचा? आमच्याकडे तो कायम खालीच असतो, जरा वर केला की फुटतो.

मग गेन जास्त आहे, नाहीतर ॲम्प पूर्ण उघडा आहे. मेन फेडरवर साधारण तीन-चतुर्थांश उंचीला 0 लिहिलेलं असतं. तिथे फेडर आवाज वाढवतही नाही आणि कमीही करत नाही, आला तसा पुढे सोडतो. फेडरची पट्टी 0 च्या आसपास पसरट असते, बोटभर हलवलं तर दोन-चार डेसिबलचा फरक पडतो. खाली मात्र केसभर हलवलं तरी दहा डेसिबल जातात. म्हणून तळाशी फेडर ठेवून काम करणं म्हणजे बैलगाडीचा कासरा दोन बोटांत धरण्यासारखं.

माझी पद्धत अशी. सगळे फेडर खाली. ॲम्पचे नॉब बंद. एकेका माईकवर माणसाला खरंच गायला लावायचं, 'हॅलो हॅलो' नको, कारण गाताना माणूस हॅलोच्या दुप्पट जोर लावतो. पीएफएल दाबून मीटर 0 च्या आसपास नाचेल एवढा गेन द्यायचा. मग चॅनल आणि मेन दोन्ही 0 वर आणायचे, आणि सगळ्यात शेवटी ॲम्पचा नॉब हळूहळू उघडायचा, शेवटच्या रांगेतला म्हातारा मान हलवेपर्यंत. तिथेच थांबायचं. आता फेडरला वरही जागा आहे आणि खालीही.

मीटरवर 0 आलं म्हणजे संपलं ना? लाल दिवा लागायच्या आत?

ॲनालॉग मिक्सरवर 0 म्हणजे कामाची पातळी. बहुतेक चांगल्या मिक्सरमध्ये तिथे आउटपुटवर +4 डीबीयू, म्हणजे साधारण 1.23 व्होल्ट असतात, आणि फुटायला अजून पंधरा-वीस डेसिबल जागा शिल्लक असते. मृदंगाच्या थापेनं पिवळे दिवे लागले तर घाबरू नका. डिजिटल मिक्सरचं गणित मात्र वेगळं. तिथलं 0 म्हणजे छत, त्याच्या वर काहीच नाही. तिथे सरासरी उणे 18 च्या आसपास ठेवा.

लाल दिवा एखाद्या वेळी मिचकावला तर ठीक, पण लागून राहिला तर बॉक्समधल्या वरच्या ड्रायव्हरचा (तीक्ष्ण सुरांच्या बारक्या स्पीकरचा) जीव जातो. फुटलेल्या आवाजात तीक्ष्ण सूर नको तितके वाढतात आणि ते सगळे त्या बारक्या कॉइलवर येऊन पडतात. पोरं म्हणतात 'बॉक्स लो क्वालिटीचा निघाला'. निघालेला नसतो, जाळलेला असतो.

मागे एक्सएलआर पण आहे आणि जॅक पण. कुठला वापरू?

लांब जायचं असेल तर एक्सएलआर (तीन पिनांचा गोल कनेक्टर). मंडपात मिक्सर ते ॲम्प वीस-तीस मीटर वायर जाते, बाजूनं लाइटची वायरही गेलेली असते. एक्सएलआरच्या बॅलन्स्ड वायरमध्ये तोच सिग्नल दोन तारांवर एकमेकांच्या उलट जातो, वाटेत घुसलेला गोंगाट मात्र दोन्हींवर सारखा असतो, आणि पलीकडे वजाबाकीत तो कटतो. टिप-रिंग-स्लीव्हचा (दोन काळ्या रेघांचा) जॅक असेल तरी हेच काम होतं. साधा गिटारचा जॅक लावला तर होत नाही.

बुवा म्हणतात 'मला माझाच आवाज येत नाही'. मॉनिटर कसा द्यायचा?

ऑक्स 1 मधून. मिक्सरच्या ऑक्स सेंड 1 मधून वायर काढून वेगळ्या ॲम्पला किंवा ॲम्प असलेल्या बॉक्सला द्या, आणि तो बॉक्स बुवांसमोर जमिनीवर, तोंड त्यांच्याकडे. आता प्रत्येक चॅनलवरचा ऑक्स 1 चा नॉब म्हणजे बुवांच्या कानाचा छोटा मिक्सर. बुवांच्या माईकचा नॉब जास्त, पेटीचा थोडा, मृदंगाचा अगदी चिमूटभर, टाळांचा शून्य. टाळकरी पंधरा जण पाठीशी उभे आहेत, त्यांना माईकची गरजच नसते.

इथे एक बटण फार महत्त्वाचं, प्री. मॉनिटरचा ऑक्स प्री-फेडर हवा. प्री म्हणजे सिग्नल फेडरच्या आधी घेतलेला. मग तुम्ही मंडपासाठी फेडर वर-खाली केला तरी बुवांच्या कानातलं हलत नाही. पोस्ट ठेवलं तर काय होतं बघा: मंडपात आवाज कमी पडला, तुम्ही फेडर वर केला, त्याबरोबर मॉनिटर वाढला, मॉनिटर वाढला म्हणून शिट्टी वाजली, शिट्टी वाजली म्हणून तुम्ही फेडर खाली घेतला, आणि बुवा तुमच्याकडे बघायला लागले.

आणखी एक. मॉनिटर ऐकायला जाताना मिक्सरवरून अंदाज बांधू नका. एकदा उठून बुवांच्या जागी उभे राहा. मिक्सर मंडपाच्या कडेला असतो, तिथून मॉनिटरची पाठ ऐकू येते. पाठीमागून सगळंच बोदं लागतं, म्हणून पोरं तिथे बसून ट्रेबल वाढवत राहतात आणि बुवांचे कान सोलून निघतात.

मॉनिटरला आवाज कमी पडतोय असं बुवा म्हणाले, तर वाढवायच्या आधी दुसरं काही कमी करता येतं का बघा. पेटी कमी केली की गळा आपोआप वर येतो. कानबाईच्या, म्हणजे आपल्या खान्देशातल्या देवीच्या उत्सवाच्या, रात्री अंगणात बायका गाणी म्हणतात तेव्हा तर मी मॉनिटर लावतच नाही. अहिराणी गाण्याला दहा-पंधरा जणींचा गळा एकत्र लागतो, त्या एकमेकींना ऐकूनच गातात, मध्ये आपला बॉक्स कशाला घालायचा. दोन माईक थोडे लांब ठेवले की काम झालं.

शिट्टी! कीर्तन सुरू झालं की दहा मिनिटांनी शिट्टी येतेच. काय करावं?

शिट्टी म्हणजे बॉक्समधून निघालेला आवाज परत माईकमध्ये शिरतो, पुन्हा वाढून निघतो, पुन्हा शिरतो. हे वर्तुळ तोडायचं आहे. इक्वलायझर (जाड-बारीक सूर वेगवेगळे कमी-जास्त करणारं यंत्र) त्यासाठी शेवटचा उपाय, पोरं मात्र त्यालाच पहिला हात घालतात.

पहिला उपाय जागेचा. मेन बॉक्स माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून. गावात पुष्कळ ठिकाणी बॉक्स बुवांच्या मागे, फोटोच्या दोन बाजूंना शोभेसाठी लावतात. शोभा होते आणि शिट्टीही. मॉनिटरची जागा माईकवर ठरते. कार्डिऑइड माईक बरोबर पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो. शूर कंपनीचा एसएम 58, जो 1966 पासून बनतोय आणि ज्याच्या नकला आपल्या प्रत्येक मंडपात आहेत, तो याच जातीचा. त्याला मॉनिटर अगदी माईकच्या शेपटीच्या दिशेनं ठेवायचा. सुपरकार्डिऑइड माईक असेल तर तो पाठीमागूनही थोडं ऐकतो, त्याचा बहिरा कोन साधारण 125 अंशांवर, म्हणजे मागे पण जरा बाजूला. तिथे मॉनिटर तिरका ठेवा.

दुसरा उपाय हाताचा. माईकची जाळी मुठीत धरली की माईकची दिशाच बदलते, तो सगळीकडून ऐकायला लागतो. नवे गायक असं धरतात, बघायला रुबाब वाटतो. त्यांना समजावणं अवघड असतं, पण समजवा.

तिसरा उपाय संख्येचा. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधी मिळणारा आवाज 3 डेसिबलनं घटतो. दोनाचे चार, चाराचे आठ केले की 6 डेसिबल गेले. जो माईक वापरात नाही तो म्यूट. प्रत्येक टाळकऱ्यापुढे माईक पाहिजे असं मंडळाचे अध्यक्ष म्हणतील. त्यांना माईक द्या, चालू करू नका. हे माझ्याकडून ऐकलं असं सांगू नका.

एवढं करूनही शिट्टी राहिलीच, तर मग इक्वलायझर. मॉनिटरच्या ग्राफिक इक्वलायझरवर एकेक पट्टी हळू वर करून कुठे वाजते ते शोधा आणि तीच तीन-चार डेसिबल खाली घ्या. गळ्याच्या माईकवर लो कट, म्हणजे खालचा घुमा आवाज कापणारं 80 किंवा 100 हर्ट्झचं बटण, आधीच दाबलेलं असू द्या. दहा मिनिटांनी शिट्टी येण्याचं कारण बहुतेक वेळा हेच की बुवांचा गळा तापल्यावर ते माईकपासून लांब होतात आणि तुम्ही फेडर चढवत जाता.

एफएक्सचा नॉब कसा चालतो? दोन-तीन ठिकाणी एफएक्स लिहिलंय.

इको हा दुसऱ्या खोलीत बसलेला माणूस आहे असं समजा. त्याला काहीतरी पाठवायचं, तो त्यावर काम करून परत देतो, आणि परत आलेलं तुम्ही मंडपात सोडता. चॅनलवरचा एफएक्स नॉब म्हणजे त्याच्याकडे किती पाठवायचं. प्रीसेटचा गोल नॉब म्हणजे त्यानं काय करायचं, हॉल, रूम, प्लेट की डिले. आणि एफएक्स रिटर्नचा फेडर म्हणजे परत आलेल्यातलं किती घ्यायचं. यामाहाच्या एमजी मालिकेतल्या एक्सयू मॉडेलांत असे 24 प्रोग्राम असतात. आपल्याकडे त्यातले चारच कोणाला तरी ऐकू आलेत.

एफएक्सचा सेंड पोस्ट-फेडर असतो आणि तसाच हवा. म्हणजे माईकचा फेडर खाली घेतला की इकोही खाली जातो. प्री ठेवला तर बुवांचा माईक बंद करूनही त्यांचं भूत मंडपात बोलत राहतं.

बाहेरचा इफेक्ट युनिट असेल तर तो 100 टक्के वेट ठेवा, म्हणजे त्यातून फक्त इको येईल. कोरडा आवाज मिक्सरमधून थेट जातोच आहे, युनिटनंही तो परत पाठवला तर नुसता गोंधळ. आणि युनिटचा परतीचा आवाज एखाद्या साध्या चॅनलमध्ये घेतला असेल, तर त्या चॅनलचा एफएक्स नॉब शून्यावर असलाच पाहिजे. नाहीतर इकोचा इको, त्याचा इको, आणि पाच सेकंदांत विमान उतरल्यासारखा आवाज. यावलकडच्या एका गावात असं झालं तेव्हा मागची माणसं उठून खरंच आभाळाकडे बघायला लागली होती.

सगळे नॉब उघडले तरी इको येत नाही.

बहुतेक वेळा एफएक्स ऑन बटण दबलेलं नसतं किंवा फुटस्विचवर कोणाचा पाय पडलेला असतो. तेही ठीक असेल तर रिटर्न फेडर तळाला आहे का बघा. नंतर चॅनलचा फेडर.

कीर्तनाला किती इको द्यावा? बुवा 'अजून, अजून' म्हणतात.

या एका प्रश्नावर मी भांडतो. आपल्या खान्देशात इकोचं वेड आहे. बुवा म्हणतात अजून, अध्यक्ष म्हणतात शेजारच्या गावात जास्त होता, आणि शेवटी निरूपणातला एक शब्द कोणाला कळत नाही. गाण्याला इको शोभतो कारण सूर लांबतात. बोलण्याला तो मारतो, कारण एक अक्षर संपायच्या आत मागचं अक्षर त्याच्यावर येऊन पडतं.

म्हणून माझा एक हात कायम एफएक्स म्यूटवर असतो. बुवांनी अभंगाचं चरण घेतलं की इको चालू, 'मायबापहो' म्हणून बोलायला लागले की बंद. फुटस्विचची सोय असेल तर पायानं करा. पहिल्या दोन दिवसांत हात बसतो. बुवांना बहुतेक वेळा कळतही नाही, पण मागच्या रांगेतल्या बाया दुसऱ्या दिवशी पुढे येऊन बसत नाहीत, कारण मागेही नीट कळतं.

डिलेची (मूळ आवाजानंतर इको येण्याची) वेळ ठेक्यात बसवायची असेल तर 60,000 ला ठेक्याच्या गतीनं भागा. मिनिटाला 100 ठोके असतील तर एक ठोका 600 मिलिसेकंद, अर्धा 300. अर्ध्यावर ठेवला तर टाळात मिसळून जातो. टॅपचं बटण असेल तर भागाकार सोडा, ठेक्याबरोबर बोट मारा. फीडबॅक किंवा रिपीट दोन-तीनच.

जागाही बघा. बंद मंगल कार्यालयात, फरशी आणि काचा असतील तर खोलीच इतका नाद देते की तुम्हाला वेगळा रिव्हर्ब लागत नाही. उलट जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहासारख्या उघड्या जागेत आवाज आभाळात निघून जातो, तिथे गळा कोरडा वाटतो आणि थोडा हॉल दिला तर बरं लागतं. त्यामुळे काल जो नंबर ठेवला होता तोच आज ठेवायचा, हे चालत नाही.

बुवांना मॉनिटरमध्येही इको हवाय.

शक्यतो नको. मॉनिटरमध्ये इको गेला की शिट्टीची शक्यता वाढते, कारण इको तोच आवाज पुन्हा पुन्हा माईकपुढे आणतो. पण काही गायकांना त्याशिवाय सूर लागत नाही, हेही खरं. मिक्सरवर 'एफएक्स टू मॉनिटर' किंवा 'एफएक्स टू ऑक्स' असा नॉब असेल तर तो चिमूटभर उघडा. नऊ वाजायच्या पुढे जाऊ नका, घड्याळाच्या काट्याच्या हिशेबानं म्हणतोय.

पीएफएल आणि एएफएल यात फरक काय?

पीएफएल फेडरच्या आधी ऐकवतं, एएफएल फेडरनंतर. माईक मंडपात सोडायच्या आधी चालतोय का बघायचं तर पीएफएल. इको किती जातोय हे ऐकायचं तर रिटर्नवर एएफएल. मॉनिटरच्या ऑक्स मास्टरवरही हे बटण असलं तर सोन्याहून पिवळं, बुवा काय ऐकतायत ते तुम्हाला हेडफोनमध्ये ऐकता येतं.

हेडफोनचा नॉब कानाला लावायच्या आधी खाली घ्या. सप्ताहाचे सात दिवस रोज चार तास हेडफोन घातला तर कानाचं नुकसान होतं, आणि ते परत येत नाही. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची मर्यादा 85 डेसिबलला आठ तास आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ अर्धा अशी आहे. म्हणजे 100 डेसिबलला पंधराच मिनिटं. आमच्या पिढीतले निम्मे साउंडवाले आज चहाच्या टपरीवर 'आं?' करतात, ते उगाच नाही.

मोबाईल लावला तर संगीत येतं, गाणाऱ्याचा आवाजच गायब!

लग्नाच्या सीझनमध्ये हा फोन हमखास येतो. मोबाईलची छोटी पिन आणि दुसऱ्या टोकाला मोठा स्टिरिओ जॅक अशी वायर तुम्ही मोनो चॅनलच्या लाइनमध्ये लावलीय. चॅनलला वाटतं ही बॅलन्स्ड वायर आहे, म्हणून तो डाव्यातून उजवा वजा करतो. गाण्यात गळा दोन्ही बाजूंना सारखा असतो, म्हणून तो कटून जातो, कडेची वाद्यं तेवढी उरतात. एका टोकाला मोबाईलची पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो जॅक असलेली वायर घ्या आणि स्टिरिओ चॅनलमध्ये लावा.

स्टिरिओ ठेवू की मोनो?

मंडपात मोनो. उजवीकडच्या बायकांना पेटी आणि डावीकडच्या पुरुषांना मृदंग, असं वाटप करून काय मिळतं? पॅन (आवाज डावी-उजवीकडे वाटणारे नॉब) सगळे मध्यावर.

व्हिडिओवाला लाइन मागतोय. कुठून देऊ?

मेनमधून फोडून देऊ नका. त्याला वेगळा ऑक्स द्या, पोस्ट-फेडर. कारण मंडपात मृदंग मोठ्यानं वाजतो म्हणून तुम्ही त्याचा माईक कमी ठेवता. तीच लाइन व्हिडिओत गेली की मृदंग ऐकूच येत नाही आणि गळा चेहऱ्यावर चिकटल्यासारखा लागतो. त्या ऑक्समध्ये मृदंग आणि टाळ वाढवा. जमलं तर श्रोत्यांकडे तोंड करून एक माईक लावा, तो मेनमध्ये नाही, फक्त या ऑक्समध्ये. 'विठ्ठल विठ्ठल'चा गजर रेकॉर्डिंगमध्ये मग खरा वाटतो.

कॅमेऱ्याचं इनपुट माईकचं असेल तर मिक्सरची लाइन त्याला झेपत नाही, फाटलेला आवाज जातो. कॅमेरा लाइनवर करायला सांगा, नाहीतर मध्ये 40 डेसिबलचा पॅड (आवाज कमी करणारा जोड) लावा. युट्यूबवर लाइव्ह करायचं असेल तर यूएसबी बरी. पण लॅपटॉपमधून परत येणारा आवाज मिक्सरच्या मेनमध्ये जात नाही ना ते बघा. गेला तर सेकंदभर उशिरा तेच कीर्तन दुसऱ्यांदा मंडपात येतं.

यात्रेत मागे लांब बॉक्स लावले, तर आवाज दोनदा ऐकू येतो.

पुढच्या बॉक्सचा आवाज हवेतून चालत येतो, मागच्या बॉक्सचा वायरमधून लगेच पोचतो. मागच्या बॉक्सला डिले द्यावा लागतो, आणि तो मिक्सरच्या इकोतला डिले नाही. स्पीकर प्रोसेसरमध्ये किंवा डिजिटल मिक्सरच्या आउटपुटवर तो मिळतो.

हिशेब सोपा आहे, पण हवामान विचारात घ्या. 20 अंशांना आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, 40 अंशांना 355. वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा असते, संध्याकाळी सातलाही हवा तापलेली. मार्गशीर्षात सारंगखेड्याला दत्त जयंतीची घोड्यांची यात्रा, तिथे तापीकाठी रात्री 10 अंशांपर्यंत पारा उतरतो. 40 मीटर अंतरासाठी पहिल्या ठिकाणी साधारण 113 मिलिसेकंद लागतील, दुसऱ्या ठिकाणी 119. त्यावर दहा-पंधरा मिलिसेकंद जास्त टाकले की कानाला आवाज स्टेजवरूनच येतोय असं वाटतं. मे महिन्यात सेव्ह केलेली फाइल डिसेंबरात तशीच उघडू नका, एवढंच.

बॉक्समधून सारखं 'घुर्र' येतं.

तो 50 हर्ट्झचा विजेचा आवाज. मिक्सर एका बोर्डावर, ॲम्प दुसऱ्यावर, लॅपटॉप तिसऱ्यावर, आणि तिघांची अर्थिंग वेगळी. सगळं शक्यतो एकाच बोर्डावरून घ्या. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, पुष्कळदा तिथेच थांबतं. नाही थांबलं तर डीआय बॉक्स (सिग्नलच्या वायरीत मध्ये लावायचा छोटा डबा) लावून त्याचं ग्राउंड लिफ्ट बटण दाबा.

अर्थिंगची पिन कापून टाकण्याचा 'जुगाड' मात्र अजिबात करू नका. घुर्र थांबते, पण बुवांच्या हातातल्या लोखंडी माईकमध्ये शॉक उतरू शकतो. ओल्या मंडपात, जनरेटरवर तर नाहीच नाही.

चालू आणि बंद करायचा क्रम?

चालू करताना मिक्सर आधी, ॲम्प शेवटी. बंद करताना ॲम्प आधी. लाइट गेली आणि जनरेटर चालू व्हायचाय, तर त्या अंधाराच्या मिनिटात ॲम्पचे स्विच बंद करून घ्या. लाइट आल्यावर जो 'धप्प' येतो तो स्पीकरला नको.

रात्री दहा वाजले आणि बुवांचं निरूपण रंगात आलंय. काय करायचं?

मेन बंद. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. राज्य सरकार सणासुदीसाठी बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण वर्षात 15 दिवसांहून जास्त नाही, आणि ते दिवस जाहीर झालेले असतात. सप्ताहाचा आपला दिवस त्यात आहे का ते आधी विचारून ठेवा. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतालचं 100 मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेलं असू शकतं, हेही मंडप कुठे टाकायचा ते ठरवताना बघा.

मॉनिटर चालू ठेवून फक्त मेन बंद करायची युक्ती काही जण करतात. मॉनिटरही लाउडस्पीकरच आहे. मी साडेनऊलाच बुवांना चिठ्ठी पाठवतो आणि पावणेदहाला मेन दर दोन मिनिटांनी थोडा थोडा उतरवत आणतो. माणसं आपसूक पुढे सरकतात. दहाला फेडर तळाला टेकतो तेव्हा निम्म्यांना कळलेलं नसतं, आणि बुवा उघड्या गळ्यानं पसायदान घेतात.

उन्हात मिक्सर बंद पडतो.

मे महिन्यात भुसावळकडे 45 अंश असतात, काळा मिक्सर उघड्या उन्हात त्याहून कितीतरी तापतो. सावली करा, पण त्यावर टॉवेल टाकून हवा बंद करू नका, खाली दोन विटा ठेवा म्हणजे बुडातून वारा जातो. फेडरमध्ये धूळ शिरली की खरखर सुरू होते. कार्यक्रम संपल्यावर ब्रशनं झाडा, आणि वर कापडी झाकण घाला. प्लॅस्टिकचं घालून लगेच गाडीत ठेवलं तर आत घाम धरतो. आणि रसवंतीचा ग्लास मिक्सरवर ठेवणाऱ्या पोराला दुसऱ्या दिवशी वायरी गुंडाळायला लावा.